टाहोची कोळंबी

(दृश्य: सकाळ. होडीतून पाण्यात उतरणारी पांढरी तबकडी.)

पाणी किती नितळ आहे, हे असं मोजतात: तबकडी दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरच्या टाहो सरोवरात १९६८ साली ती सरासरी ३१ मीटरपर्यंत दिसायची. १९९७ साली जेमतेम २०.

रस्ते आणि बांधकामांवरून वाहून येणारी बारीक माती आणि त्या पाण्यावर पोसलेलं शेवाळ, ही कारणं आहेतच. पण मध्ये एक कोळंबीही आली.

१९६३ ते १९६५ या काळात इथे मायसिस नावाची छोटी कोळंबी सोडली गेली, कोकॅनी सॅमन माशांना खाऊ म्हणून. (नावाचा कोकणाशी काही संबंध नाही.) हा मासा दिवसा, डोळ्यांनी बघून खातो. कोळंबी दिवसभर खोल अंधारात बसते आणि रात्री वर येते. दोघांची गाठ पडेचना. कोळंबीची गाठ पडली ती डॅफ्नियाशी. पाण्यातली ही पिसू एक-दोन मिलिमीटरची, शेवाळ गाळून खाणारी. कोळंबीने तिचा फडशा पाडला, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच ती सरोवराच्या मधल्या भागातून जवळजवळ नाहीशी झाली.

(दृश्य: संग्रहालय. बरण्यांमधले पिवळे पडलेले मासे.)

कोण काय खात होतं, हे इतक्या वर्षांनी विचारायचं कुणाला? या बरण्यांना. नायट्रोजनच्या हजार अणूंत चारेक अणू जड असतात. शरीर हलका नायट्रोजन जास्त टाकून देतं, जड मागे राहतो. म्हणून खाणाऱ्याच्या अंगात तो खाल्लेल्यापेक्षा साधारण ३.४ प्रतिसहस्र जास्त. अन्नसाखळीतली ही एक पायरी. कार्बन सांगतो जेवण कुठलं: काठच्या दगडांवरच्या शेवाळात जड कार्बन अधिक, तरंगत्या शेवाळात कमी.

माशाच्या मांसाचा कण कथलाच्या पुडीत बांधून जाळतात आणि वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे जड-हलके अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रात, सोडतात. मासे टिकवायला बरणीत घातलेलं फॉर्मलीन कार्बनच्या आकड्यात थोडी लुडबुड करतं. तेवढं वजा करावं लागतं.

पण पायऱ्या मोजायच्या कुठून? तरंगत्या अन्नासाठी प्राणीप्लवकापासून, म्हणजे डॅफ्नियासारख्या पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांपासून. नागपूरचा झिरो माईल जसा, तसा हा हिशेबाचा दगड. मैलापाणी उतरतं त्या तळ्यात हा दगडच वर सरकतो, कारण त्यातला नायट्रोजन मुळात जड. टाहोचं मैलापाणी मात्र सत्तरच्या दशकापासून खोऱ्याबाहेर नेलं जातं.

जुने आणि आजचे मासे शेजारी मांडले, तेव्हा एका शतकात टाहोचं अन्नजाळं पार बदललेलं दिसलं.

(दृश्य: एमराल्ड बे.)

२०११ साली या छोट्या उपसागरातून कोळंबी आपणहून गायब झाली. डॅफ्निया परतली. पुढच्या दोन वर्षांत इथे तबकडी जवळपास १२ मीटर अधिक खोलवर दिसू लागली.