निळा दिवा लागतोय, म्हणून पाणी चांगलं?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सतत येतोय: "ताई, आमच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यूव्ही मशीनचा निळा दिवा लागतो, म्हणजे पाणी चांगलंच ना?" आज त्यावरच बोलते.

आधीचं झटकन. दिव्यातून २५४ नॅनोमीटरचे अतिनील, म्हणजेच यूव्ही, किरण निघतात, जंतूंच्या डीएनएवर घाव घालतात, मग जंतूंची पैदास थांबते. क्षार तसेच राहतात. "टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कमी झाला नाही" म्हणणाऱ्यांनो, तो होणारच नाही, यूव्हीचं ते कामच नाही.

आता तो निळा उजेड. अतिनील किरण डोळ्यांना दिसतच नाहीत! दिसतो तो दिव्यातल्या पाऱ्याच्या वाफेचा वेगळा उजेड.

माझी आत्या दांडिया बाजारात राहते, बिल्डिंगला बोअरचं पाणी. तिचं मशीन उघडलं. स्विच बंद, नळ बंद, मग दिव्याभोवतीची क्वार्ट्झची नळी अलगद ओढली. तिच्यावर एवढा क्षार की नखाने खरवडल्यावर पांढरा भुगा पडला. म्हणजे आत दिवा छान निळा लागायचा, आणि किरण त्या थरातच अडकायचे! आत्या तेच पाणी माझ्या भाच्याला पाजत होती, माझ्या पोटात गोळाच आला. आपल्या बडोद्यात किराणा दुकानात 'लींबुना फूल' म्हणजे सायट्रिक ॲसिड मिळतं ना, ते कोमट पाण्यात घालून नळी बुडवून ठेवली, तेव्हा कुठे आरपार दिसायला लागलं. एकाने विचारलंय, नळी फुटली तर साधी काचेची चालेल का? अजिबात नाही. साधी काच हे किरण अडवते.

बरं, नळी लख्ख आहे, तरी निळ्यावर जाऊ नका. ट्यूब, म्हणजे तो दिवाच, साधारण ९००० तासांची, म्हणजे सतत चालू असेल तर वर्षभराची. त्यानंतरही ती निळी दिसते, किरण मात्र मंदावलेले असतात.

आणि नळी लख्ख, ट्यूब नवी, पण पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर? जंतू मातीच्या कणाआड लपतात, किरण पोचतच नाहीत. म्हणून यूव्हीच्या आधी गाळणारं फिल्टर हवंच.

ट्यूब नीट बसलीय का हे बघायला उघडी पेटवू नका, डोळे भाजतात. आणि ते पाणी माठात भरून त्यात हाताचा पेला बुडवलात, तर जंतू परत आलेच, कारण क्लोरीनसारखं यूव्हीचं मागे काहीच उरत नाही.

आत्याच्या मशीनवर मी मार्करने ट्यूब बदलल्याची तारीख लिहिलीय. तुमच्या मशीनवर कुठली तारीख आहे, खाली लिहा.