हेलिकॉप्टर चालवायचं असेल तर अकरावीत गणित सोडू नका

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्यावर पोरंपोरी धावताना दिसतात. कशाची तयारी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: भरती. पोलीस, सीआरपीएफ, बीएसएफ.

या जिल्ह्यानं हेलिकॉप्टर जवळून पाहिलंय. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि पेशंटला आकाशातून न्यावं लागतं. निवडणुकीत दुर्गम केंद्रांवर पोलिंग पार्ट्या हेलिकॉप्टरनंच जातात. धुरळा खाली बसल्यावर एखादी पोरगी विचारते, "हे चालवायला काय शिकावं लागते?" तिला नीट उत्तर देणारं माणूस जवळपास नसतं.

भरतीच्या यादीतल्या बीएसएफकडंही हेलिकॉप्टरं आहेत. बीएसएफ म्हणजे सीमा सुरक्षा दल उभं राहिलं 1965 साली, त्याची एअर विंग 1969 ची. ध्रुव, चीता, एमआय-17 ही तिची हेलिकॉप्टरं. सीमेवरच्या चौक्यांना रसद पोचवायची, जखमी जवानाला बाहेर काढायचं, आपत्तीत धावून जायचं. पण बारावी झाली की 'बीएसएफ पायलट' म्हणून थेट भरती होता येत नाही. इथले बहुतेक वैमानिक आधी वायुसेनेत किंवा भूसेनेत उडतात आणि मग प्रतिनियुक्तीवर किंवा निवृत्तीनंतर या दलात येतात. शिपाई म्हणून लागू, मग पायलट होऊ, असं पोरांना सांगणारे भेटतात. कृपा करून असं सांगू नका.

आता कॉकपिटमध्ये बघा. डाव्या हातात कलेक्टिव्ह नावाचा दांडा, त्यानं हेलिकॉप्टर वर-खाली होतं. उजव्या हातात सायक्लिक नावाचा दुसरा दांडा, त्यानं दिशा. पायाखाली पेडल, शेपटीच्या पंख्यासाठी. एक हलवलं की बाकीची दोन्ही सावरावी लागतात. त्यात आपला उन्हाळा. चंद्रपूरला पारा 45 च्या वर गेला की हवा विरळ होते. पाती तेवढ्याच वेगानं फिरतात, पण उचल कमी मिळते. सकाळी जेवढी माणसं घेऊन उडता आलं, तेवढी दुपारी घेता येतीलच असं नाही. तापमान, उंची, वजन यांचा तक्ता बघून पायलट ठरवतो कोणाला घ्यायचं, काय मागं ठेवायचं. चुकलं तर जीव जातात. हे सगळं गणित आणि भौतिकशास्त्र आहे.

म्हणून मुख्य रस्ता एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेचा. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. नुसता गणिताचा पेपर 300 गुणांचा, सामान्य क्षमतेचा 600, आणि एसएसबी म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची मुलाखत 900 गुणांची. वायुसेनेत उडायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवंच. मुलींनाही आता हे दार उघडं आहे. पायलटसाठी यंत्रावरची एक वेगळी चाचणी असते. तिच्यात एकदा नापास झालं की पुन्हा संधी नाही.

दुसरा रस्ता व्यावसायिक परवान्याचा: उड्डाणाचे तास पूर्ण करायचे, डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, पेपर द्यायचे, आणि खर्च लाखांत. गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षण केंद्र आहे, पण तिथं विमान शिकवतात, हेलिकॉप्टर नाही. चौकशी न करता त्यासाठी कोणी वावर विकू नये.

डोळे मात्र आठवी-नववीतच तपासून घ्या. रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखता येतो का, एवढी साधी तपासणी. रंगांधळेपणा निघाला तर निदान वर्षं वाया जात नाहीत.

सैनिकी शाळा चंद्रपूरलाच आहे, प्रवेश सहावी आणि नववीला. दहावीनंतर एनडीएच्या तयारीसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहेत: मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला, मुलींसाठी नाशिकला.

खरी अडचण त्याच्या अलीकडची. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा नसते, एसटी वेळेवर नसते, म्हणून हुशार पोरगी कला शाखेत बसते आणि तिथंच तिचा कॉकपिटचा रस्ता बंद होतो. तिला तालुक्याच्या वसतिगृहात एक जागा आणि गणिताचा एक शिक्षक मिळवून द्या. धावायची सवय तिला आहेच.