पुळणीवर वाढणारं शिंगरू

(दृश्य: अलिबागजवळच्या नागावची पुळण, ओहोटीची वेळ. घोडीच्या मागोमाग चालणारं शिंगरू.)

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारातून तयार घोडा आणायचा आणि पर्यटकांना फिरवायला थेट किनाऱ्यावर उभा करायचा, हा सोपा रस्ता. हे शिंगरू, चांदणी, मात्र इथलीच, सुरूच्या बनामागच्या वाडीत जन्मलेली. अकरा महिने पोटात, आणि जन्मल्यावर तास-दीड तासात चारही पायांवर उभी. पहिल्या काही तासांत आईचा चीक पोटात गेला, तिथंच अर्धी लढाई जिंकली.

कोकण हा घोड्यांच्या पैदाशीचा मुलूख कधीच नव्हता. अरबस्तानातून, होर्मुझहून घोडे गलबतांनी चौल-दाभोळला उतरत आणि घाट चढून बहमनी मुलखात जात. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानानं तो काढून घेतला, महत्प्रयासानं परत मिळाला आणि शेवटी बीदरकडे विकला गेला. घोडे इथं थांबत नसत, कारण इथली ओल आणि इथला चारा.

(दृश्य: गोठा. घमेल्यात ओतली जाणारी चंदी, घोड्याचा खुराक.)

भाताचा पेंढा आणि कोंडा घरचाच असतो. पण वाढत्या हाडांना कॅल्शियम लागतं, आणि कोंड्यात त्याच्या कितीतरी पट फॉस्फरस. नुसत्या कोंड्यावर वाढवलं तर शरीर हाडांतलंच कॅल्शियम ओढून घेतं. हाडं ठिसूळ होतात, जबडा आणि चेहरा सुजल्यासारखा दिसू लागतो. म्हणून इथं कोंडा मूठभरच, आणि जोडीला लसूणघास हा हिरवा चारा, खनिज मिश्रण. लसूणघास विकत घ्यावा लागतो, परवडत नाही. तरीही घेतला जातो.

चारा कधीच वाळूवर टाकत नाहीत. घासाबरोबर वाळू पोटात जाते, आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेलं पुढंच सरकायला हवं, नाही सरकलं तर जनावर हातचं जातं.

(दृश्य: जवळून, मालकाचा हात आणि घोडीचा पाय.)

आता हा हात पाहा. आधी खांद्यावर, मग पायावरून खाली घसरत गुडघ्याखालच्या नळीपर्यंत. चांदणी पाय उचलते, आणि लगेच हिसका देते. मालक ओढत नाही आणि सोडतही नाही, नुसता धरून राहतो. तिचा पाय सैल पडला, कान मागून पुढे आले की त्याच क्षणी खाली ठेवतो. हिसका दिल्यावर सोडला असता तर हिसक्यानं सुटका होते हे ती शिकली असती. मला विचाराल तर घोड्याचं सगळं शिक्षण या एका क्षणात आहे: सोडायचं केव्हा. आईपासून पाच-सहा महिन्यांनी तोडण्याआधीच तोंडाला बांधायच्या मोरकीची, हाताची, अंग घासायच्या खराऱ्याची सवय लावली, ती अशीच. दीडशे किलोच्या शिंगराला जे समजावता येतं, ते तीनशे किलोच्या घोडीला दांडगाईनं शिकवता येत नाही.

पावसाळ्यात तर हा पाय रोज उचलावा लागतो. ओल्या शेणामुतात उभं राहून खुराचा तळवा मऊ पडतो, त्यातल्या खाचा काळ्या पडून घाण वास मारू लागतात. खूर कोरायचा, धुवायचा, कोरडा करायचा. नालबंद दीड-दोन महिन्यांनी येऊन वाढलेला खूर कापून सारखा करतो. धनुर्वाताची लस चुकवायची नाही. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

(दृश्य: लाटेची कड. आई पुढे, चांदणी मागे.)

पाण्याची ओळख आईनं करून द्यायची. पायाखालून सरकणारं पाणी पाहून शिंगरू बुजतं, आडवं पळतं. आई शांतपणे चालत राहिली की तेही येतं. चालवायचं ओल्या, घट्ट वाळूवरून. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि पायामागच्या कंडरांवर ताण येतो.

खरी कसोटी पुढं आहे. दिवाळी ते मे, एवढाच धंद्याचा काळ. पावसात उत्पन्न शून्य, चंदी मात्र रोज. दीड-दोन वर्षांचं शिंगरू उंचीनं आईला आलेलं दिसतं आणि मोह होतो, टाका खोगीर. पण आतलं हाड तयार नसतं. गुडघ्याच्या वरचा वाढीचा भाग अडीच वर्षांच्या आसपास जुळतो, पाठीचे मणके पाच वर्षांनंतरच पूर्ण घडतात. ज्यांनी दीड वर्षाची जनावरं माणसांखाली घातली, त्यांचे घोडे ऐन उमेदीत लंगडतात. हा अन्याय आहे, आणि तो फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत रोज सगळ्यांदेखत होतो.

वय ओळखायचं दातांवरून. मधले दोन दुधाचे दात पडून रुंद, पक्के दात आले की अडीच वर्षं. त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. चांदणीचे मधले नुकतेच आले आहेत. यंदा पाठीवर नुसतं रिकामं खोगीर, पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, थोडा सैल. सोबत लांब लगाम धरून मागून चालणं, आणि किनाऱ्यावरच्या आवाजांची सवय: भोंगे, एटीव्ही, पॅरासेलिंगची फडफडणारी छत्री. तिसरं वर्ष भरल्यावर हलकं माणूस, तेही थोडाच वेळ. ओहोटीला अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात जाणारी घोडागाडी चार वर्षांच्या आत नाही.

आणि तेव्हाही हिशेब ठेवावा लागेल. घोड्यानं पाठीवर आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत भार घ्यावा असं मानतात. तीनशे किलोच्या घोडीला खोगीर धरून साठ किलो. चांदणीच्या आईवर दोघांना बसवा, असं गिऱ्हाईक म्हणतं. मालक नाही म्हणतो. गिऱ्हाईक पुढच्या घोड्याकडे जातं.