उपवास त्याचा, जेवण आपलं

(मंडळाच्या मेळाव्यात, रविवारी 2 मार्च 2025 रोजी दुबईत केलेलं भाषण, थोडं आटोपशीर करून.)

नमस्कार मंडळी. अध्यक्ष म्हणाले, "बुधवारी तुमचा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतोय, पाच मिनिटं त्यावर बोला." या विषयावर आमचे फादर अर्धा तास बोलतात आणि मी मागच्या बाकावर डुलक्या घेतो. पाचच मिनिटं म्हणून हो म्हटलं, भाषणही लिहिलं. काल रात्री ते फाडलं. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे राखेच्या बुधवारी, देवळात योएल संदेष्ट्याचं वचन वाचतात, कपडे नको, अंतःकरण फाडा. मला कागदापर्यंतच जमलं.

झालं असं. बुधवारी कपाळाला राख लागणार, म्हणजे मटण खायला उरले चार दिवस. हसताय, कारण गटारी तुम्हाला सांगावी लागत नाही! आमच्याकडे तिला नाव नाही, बाकी सगळं तसंच. गोव्यात या दिवसांत कार्निव्हल असतो, तिथली माणसं निदान रस्त्यावर नाचतात तरी. आम्ही सोफ्यावर बसून बिर्याणी मागवली. माणसं चार, बिर्याणी सहांची.

सव्वासहा वाजून गेले असतील. खालच्या मशिदीत अजान सुरू झाली आणि त्याच वेळी बेल वाजली. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने दार उघडलं. डिलिव्हरीवाल्याने पिशवी तिच्या हातात दिली, लिफ्टपाशी गेला, खिशातून टिश्यूत गुंडाळलेला खजूर काढला आणि तिथेच उभ्याने तोंडात टाकला. काल पहिला रोजा होता. ती पिशवी घेऊन आत आली आणि म्हणाली, "डॅडी, उपवास त्याचा आणि जेवण आपलं?"

मी म्हटलं, "अगं, त्याला त्याचे पैसे मिळतात." त्यावर बायको जे बोलली ते मंडळाच्या वेबसाइटवर छापता येणार नाही. बिर्याणी निम्मी उरली.

आमची वसई तुमच्यापैकी बऱ्याच जणांना सुकेळ्यांमुळे आणि पानवेलींमुळे माहीत. तिथे उपवासकाळाची चाहूल झावळ्यांनी लागायची. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी आणलेल्या, घरातल्या अल्तारामागे, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यामागे खोचून ठेवलेल्या, पार वाळलेल्या झावळ्या आम्ही पोरं देवळात परत नेऊन द्यायचो. त्याच जाळून राख करायची आणि तीच बुधवारी कपाळाला. "तू माती आहेस आणि मातीला मिळशील." आई मात्र आदल्या दिवशीच एक पत्र्याचा डबा घासून चुलीशेजारी ठेवायची. रोज भाताला तांदूळ घेतले की त्यातले एक मूठ परत काढून डब्यात. ईस्टरच्या आधी तो डबा वाडीत कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी जायचा. आईने त्याला दान वगैरे कधी म्हटलं नाही. "आपण खाल्ले नाहीत ते," एवढंच.

आता माझी तयारी ऐका. चर्चचा नियम आहे, 18 ते 59 वयाच्या माणसाने राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, एकदाच पोटभर जेवायचं. मी एकोणसाठीची वाट बघतोय असं घरात बोललं जातं. काळ चाळीस दिवसांचा. मुलीने कॅलेंडरवर 20 एप्रिलच्या ईस्टरपर्यंत मोजले तर सेहेचाळीस भरले. मग सहा रविवार गाळायचे हे सांगितलं, तर "म्हणजे रविवारी चालतं?" शुक्रवारी मटण नाही म्हणून पापलेट, तेही मोठं. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण तुमची एकट्यांची नाही. आणि ज्या बुधवारी येशूचे शब्द वाचतात, उपवास कराल तेव्हा तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका, त्याच दुपारी माझ्या कपाळावरच्या राखेचा फोटो स्टेटसला असतो.

तुम्हीही फार गालात हसू नका. बुधवारी महाशिवरात्र झाली, खिचडी कोणत्या ॲपवरून आली ते मला माहीत आहे. आणि आज हॉलमध्ये खुर्च्या लावणारे दोघे रोजेदार आहेत. दुपारी चार वाजता आपण त्यांच्यासमोर चहाचा थर्मास उघडला, मीच दोन कप घेतले. वड्यांचा घाणा अजानीनंतर काढू, असं एका वहिनींनी सुचवलं होतं. आपण म्हटलं, उशीर होईल.

यशया संदेष्टा म्हणतो, उपवास म्हणजे आपली भाकर भुकेल्याशी वाटून खाणं. वसईत डबा कुणाच्या घरी जाणार हे आईला ठाऊक होतं. त्या बाईंच्या मुलांची नावंसुद्धा तिला पाठ होती. कालच्या पोराचं नाव तर ॲपवर लिहिलेलं होतं, आम्ही कुणी वाचलंच नाही. आज सकाळी मुलगी स्वयंपाकघरातून कॉफीचा रिकामा डबा घेऊन आली. त्यात तांदूळ साठवीन म्हणते. मग म्हणाली, "पण डॅडी, इथे द्यायचे कुणाला?"

डबा ओट्यावर ठेवलाय. बुधवारला तीन दिवस आहेत.