टीकेतले खरे तेवढे

२० ऑगस्ट २०१८ रोजी स्टॉकहोममध्ये, स्वीडनच्या संसदेबाहेर, पंधरा वर्षांची ग्रेटा थनबर्ग शाळा सोडून फरसबंदीवर बसली. शेजारच्या पांढऱ्या फलकावर काळ्या अक्षरांत ‘हवामानासाठी शाळेचा संप’ एवढेच लिहिले होते. पहिल्या दिवशी तिच्यासोबत कोणीही नव्हते.

अकराव्या वर्षी तिला नैराश्याने गाठले होते. बोलणे आणि खाणे बंद झाले आणि दोन महिन्यांत तिचे वजन सुमारे दहा किलोंनी घटले. पुढे झालेल्या निदानांमध्ये ॲस्पर्गर सिंड्रोम, म्हणजे इतरांत मिसळणे अवघड करणारा स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) एक प्रकार, होता. २०१३ पासून अमेरिकी मनोविकारशास्त्राने तो स्वमग्नतेच्या व्यापक वर्णपटात सामावून घेतला आहे, पण ग्रेटा स्वतः त्या काळात हाच शब्द वापरत होती.

प्रसिद्धीबरोबर आरोपही आले: तिचा बोलविता धनी वेगळाच आहे, भाषणे दुसरेच लिहून देतात, ती अजून लहान आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिने या आक्षेपांना फेसबुकवर सविस्तर उत्तर दिले. भाषणे आपण स्वतः लिहितो, असे ठामपणे सांगताना, अवघड मुद्दे अचूक मांडता यावेत म्हणून काही शास्त्रज्ञांची मदत घेतो, हेही तिने लपवले नाही. आपण लहान आहोत हा आक्षेप तर तिने चक्क मान्य केला. मुलांना हे काम करावे लागू नये, पण मोठी माणसे काहीच करत नसल्याने ते करावे लागते, असे तिचे म्हणणे होते. आपण चारचौघांत मिसळणाऱ्या असतो, तर एखादी संघटना काढली असती. ते जमत नाही, म्हणून एकटेच बसलो, असेही तिने लिहिले. अंगावर आलेल्या टीकेतून खरे तेवढे निवडून घेणे भल्याभल्यांना साधत नाही, आणि ॲस्पर्गर असलेली माणसे हटवादीच असतात हा समज तर अजूनही रूढ आहे.

मात्र जिथे मुद्दाच नव्हता, तिथे तिने वेळ दवडला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये एका अमेरिकी वाहिनीवरील पाहुण्याने तिला मानसिक रुग्ण म्हटले, आणि वाहिनीला माफी मागावी लागली. त्याआधीच, ऑगस्टअखेरीस, परिस्थिती अनुकूल असेल तर वेगळे असणे ही महाशक्ती ठरते, असे तिने जाहीरपणे लिहिले होते. ही अट महत्त्वाची आहे, कारण अशी अनुकूलता सर्वांच्याच वाट्याला येत नाही. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तिला रागावर काम करण्याचा आणि मैत्रिणीबरोबर एखादा जुना चित्रपट पाहण्याचा सल्ला दिला, तेव्हा तिने आपल्या ट्विटर खात्यावरचा परिचय बदलून घेतला: रागाच्या समस्येवर काम करणारी किशोरवयीन मुलगी, सध्या निवांत, मैत्रिणीबरोबर चित्रपट पाहत आहे.