क्रॅडली हीथच्या साखळीवाल्या

भाता दाबला की कोकचा निखारा फुलतो. सळईचं टोक आधी लाल होतं, मग नारिंगी. बाहेर काढायचं, ऐरणीवर वाकवायचं, छिन्नीवर ठेवून तोडायचं आणि आधीच्या कडीत ओवायचं. दोन्ही टोकं एकमेकांवर आणून पुन्हा विस्तवात. आता मात्र रंग पांढुरका होईपर्यंत धीर धरायचा. लोखंड कमी तापलं तर सांधा बसत नाही, जास्त तापलं तर जळून जातं. हे नजरेनंच ओळखावं लागतं. मग हातोड्याचे भराभर घाव. झाली एक कडी.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला ब्लॅक कंट्री हा कारखान्यांचा मुलूख. तिथल्या क्रॅडली हीथ गावात बायका घरामागच्या अशा खोपटात दिवसभर साखळ्या घडवायच्या. तान्हं मूल तिथंच, भट्टीच्या उबेला.

जवळच्या नेदरटनला टायटॅनिकचा नांगर घडला. तो ओढायला 20 घोडे जुंपले होते. त्या मिरवणुकीचे फोटो आजही छापले जातात. या बायकांनी केल्या त्या गुरं बांधायच्या, घोड्यांच्या साजाच्या बारीक साखळ्या. त्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून आपण इथं थांबलो आहोत.

1910 मध्ये सरकारी वेतन मंडळानं किमान मजुरी ठरवली: तासाला अडीच पेन्स. अनेकींची कमाई जवळजवळ दुप्पट होणार होती. मालकांनी पळवाट काढली. वाढ सहा महिने लांबवायला आपली हरकत नाही, अशा कागदावर त्यांनी बायकांच्या सह्या, अंगठे घेतले. कित्येकींना तो वाचताही येत नव्हता.

ऑगस्टमध्ये संप सुरू झाला. या त्यांच्या पुढारी, मेरी मॅकार्थर, ग्लासगोच्या, वय 30. आणि संपकऱ्यांत पेशन्स राउंड होत्या, वय 79. चेहरे नीट पाहा. कॅमेरा त्यांच्यापर्यंत आला आणि हा संप देशभरच्या चित्रपटगृहांत पोचला. मदतीचा ओघ लागला.

दहा आठवड्यांनी, 22 ऑक्टोबरला, मालकांनी दर मान्य केला.

उरलेल्या निधीतून कामगारांसाठी ही विटांची इमारत उभी राहिली, 1912 मध्ये. पुढे रस्त्याच्या कामात ती जाणार होती. तेव्हा वीट न् वीट उतरवून ती डडलीच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियममध्ये पुन्हा बांधली.

याच आवारात साखळीची भट्टी अजून पेटते. निखारा फुलतोय. पुढची सळई आत गेली आहे.