आधी मीटरपाशी उभं राहा

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं. विषय दिलाय शाळेतले इलेक्ट्रॉनिक्सचे प्रोजेक्ट, पण मी सुरुवात मीटरपासून करणार, जिन्याखाली असतो तो आपला लाईटचा मीटर. त्यावर एक बारका लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२००, पण तुमच्यावर काय आहे ते आधी वाचा. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. एक युनिट म्हणजे ३६ लाख वॉट-सेकंद, मग एका लुकलुकीचे झाले ११२५ वॉट-सेकंद, त्याला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागलं की घर आत्ता किती वॉट खातंय ते कळतं! १५ सेकंद लागले तर ७५ वॉट, एक जुना पंखा. २००० वॉटचा गिझर लावला की सेकंदाला जवळजवळ दोनदा. मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं, खर्च शून्य.

मी पहिल्या वर्षी नेमकं उलटं केलं. आधी आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड, आणले, डिस्प्ले आणले, प्रदर्शनात झकपक टेबल मांडलं, आणि परीक्षकांनी पोराला विचारलं की तुझ्या घरी महिन्याला किती युनिट जळतात, तर ते माझ्या तोंडाकडे बघायला लागलं. चूक माझीच होती.

आता आठवडाभर हातानेच मोजायचं, वहीत लिहायचं, मग कंटाळा आला की पोरं स्वतःच म्हणतात सर हे मोजायला काहीतरी करूया ना, तेव्हा एलडीआर काढायचा, म्हणजे उजेड ओळखणारा बारका सेन्सर. एलडीआर, १० किलो-ओहमचा रेझिस्टर आणि आर्डुइनो, बस. मीटरचं सील तर सोडाच, स्क्रूलाही हात लावायचा नाही, एलडीआर बाहेरून दिव्यावर काळ्या टेपने चिकटवायचा. ऊन आत शिरलं की आकडे वेडेवाकडे येतात, आमच्या एकीने शाम्पूच्या बाटलीचं झाकण वापरलं, मस्त चाललं.

पुढचा टप्पा सीटी सेन्सर, वायरला चिमट्यासारखा अडकून करंट मोजतो तो. इथे प्रत्येक बॅचला एक गंमत होतेच, पोरं एक्स्टेंशनच्या अख्ख्या केबलला चिमटा लावतात आणि रीडिंग शून्य, मग सेन्सर खराब आहे म्हणून ओरडतात. मी गप्प बसतो. अर्ध्या तासाने कुणाच्या तरी डोक्यात येतं की फेजमधून जातो तेवढाच करंट न्यूट्रलमधून परत येतोय, दोन्ही एकमेकांना खातात. एकट्या फेजची वायर घ्यायला लागते, आणि ती वेगळी काढून इन्सुलेशन केलेली मी देतो, पोरं बोर्ड उघडत नाहीत. बर्डन रेझिस्टरशिवाय, म्हणजे सीटीच्या दोन टोकांमध्ये जोडायच्या रेझिस्टरशिवाय, सीटी अडकवायचा नाही हेही आधीच सांगून ठेवा.

आणि खरी मजा आकडे जुळत नाहीत तेव्हा येते. एका पोराचा आर्डुइनो फ्रिजला २३० वॉट दाखवत होता, मीटरचा दिवा मात्र दर सात सेकंदांनी, म्हणजे १६०च. दोन दिवस कोड तपासला, कोड बरोबर. भानगड अशी की तो करंटला सरळ २३० व्होल्टने गुणत होता, आणि मोटरवाल्या वस्तूत करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे गुणाकार जास्त येतो आणि मीटर खरी वीज मोजतो. खऱ्या विजेला त्या गुणाकाराने भागलं की येतो तो पॉवर फॅक्टर, हा शब्द मी त्यानंतर सांगितला, आधी सांगितला असता तर पाठ करून विसरला असता.

नववीतल्या एका मुलीने रात्री फ्रिजसकट सगळं बंद करून मोजलं तरी दिवा दर ४५ सेकंदांनी लुकलुकतच होता, म्हणजे २५ वॉट. महिन्याचे १८ युनिट! एकेक प्लग काढत गेली तर सेट-टॉप बॉक्स, राऊटर आणि स्टँडबायवरचा टीव्ही. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर दर चढतो, आणि यांचं बिल जेमतेम ११० युनिटांचं, आता तिचे वडील झोपताना बटणं बंद करतात, राऊटर सोडून, त्यावर घरात अजून वाद चालू आहे.

चला, चहा आलाय. कप घेऊनच खाली मीटरपाशी या, कुणाकडे तरी स्टॉपवॉच चालू करा, आणि इथले पंखे आत्ताच बंद करू नका.